जुनी वायरिंग असलेले कोकणातले घर विकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतली चिऱ्याची कौलारू घरे विकायला काढणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक जण मुंबई-पुण्यात स्थायिक झालेले असून गावचे घर वर्षातून दोनदा, गणपतीला आणि मे महिन्यात, उघडतात. साधे प्रश्न आधी आणि अडचणीचे अपवाद नंतर घेतले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्या घरातली वायरिंग ‘जुनी’ आहे हे आमचे आम्हाला कसे ओळखता येईल?

मेन स्विचपासून सुरुवात करावी. चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, लाकडी बोर्ड, त्यावरचे काळे गोल बॅकेलाइटचे स्विच, दोनच भोकांचे प्लग पॉइंट आणि वाशांच्या कडेने लाकडी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी धरलेल्या वायरी दिसल्या, तर ती मांडणी जुनी समजावी. फार आधी वीज आलेल्या घरांत वायरीवर रबराचे आवरण व त्यावर सुती विणीचा थर सापडतो. हे रबर वर्षानुवर्षे सुकत जाते आणि शेवटी नुसत्या स्पर्शाने भुगा होऊन गळते, म्हणून अशी वायर ओढून किंवा वाकवून पाहू नये. नंतरच्या काळातल्या घरांत प्लास्टिकचे आवरण असलेली ॲल्युमिनियमची वायर आढळते (प्रश्न ८ पाहावा).

तीन भोकांचा पॉइंट दिसला म्हणजे अर्थिंग आहे, असे मात्र धरून चालू नये. राजापूर तालुक्यातल्या एका घरात माजघरातला असा बोर्ड माझ्यासमोर उघडला गेला, तेव्हा वरच्या मोठ्या भोकामागच्या पिनेला वायरच जोडलेली नव्हती. पिनेवर हिरवट पूड जमली होती आणि बोर्डाच्या पोकळीत पालीची अंडी होती. घरमालक तीस वर्षे त्याच पॉइंटवर इस्त्री लावत आले होते.

२. विक्रीपूर्वी वायरिंग बदलणे कायद्याने सक्तीचे आहे का?

नाही. खरेदीखत नोंदवताना दुय्यम निबंधक वायरिंगचा दाखला मागत नाही आणि आहे त्या स्थितीत घर विकण्यास कोणतीही आडकाठी नाही. मात्र मीटरपर्यंतची यंत्रणा वीज कंपनीची आणि मीटरच्या पुढची मालकाची, ही विभागणी लक्षात ठेवावी, कारण घर बंद असले तरी पुढच्या भागाची जबाबदारी खरेदीखताच्या दिवसापर्यंत आपल्यावरच असते.

बदल करायचा ठरला, तर तो कोणी करावा यावर नियम आहे. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांपासून ही तरतूद चालत आली असून, २०१०च्या विनियमांची जागा घेणाऱ्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या सुरक्षाविषयक विनियमांतही ती आहे. त्यानुसार नवी मांडणी, वाढ किंवा फेरबदल परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावा लागतो. दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच यांची जागच्या जागी अदलाबदल एवढीच त्यातून वगळलेली आहे. वाडीतला होतकरू मुलगा काम उत्तम करीत असेलही, परंतु त्याच्या कामाचा चाचणी अहवाल मिळत नाही, आणि विक्रीच्या वेळी उपयोग कामाइतकाच त्या कागदाचा असतो.

३. खरेदीदाराने विचारले नाही तरी वायरिंगची स्थिती सांगावी लागते का?

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ५५ प्रमाणे, विक्रेत्याला ठाऊक असलेला, खरेदीदाराला ठाऊक नसलेला आणि त्याने सर्वसाधारण काळजी घेऊनही त्याच्या लक्षात येणार नाही असा मालमत्तेतला महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड केलाच पाहिजे. तो उघड न करणे हे त्याच कलमात कपट मानले आहे.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा होतो की, वाशांवरून उघडी गेलेली पट्टीवरची वायरिंग खरेदीदाराला डोळ्यांनी दिसते आणि तिच्या जुनेपणाबद्दल पुढे तक्रार करणे त्याला अवघड जाते. परंतु गिलाव्यात गाडलेली वायर, छताच्या फळ्यांमागचे जळके जोड, किंवा न्हाणीघराची भिंत पावसाळ्यात झिणझिण्या देते ही फक्त घरच्यांना ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्या प्रकारात मोडते. म्हणून विक्रीच्या आधी रंगरंगोटी करून जुन्या बोर्डांवर नवी प्लास्टिकची तबकडी बसवण्याचा जो सल्ला दलाल देतात, तो मी सर्वांत घातक मानतो. त्याने दिसणारा दोष न दिसणारा होतो, आणि तो झाकणारे आपणच असतो. जे ठाऊक आहे ते लेखी सांगावे. मसुदा प्रश्न १२ मध्ये दिला आहे.

४. तपासणी कोणाकडून, कधी आणि कोणती करून घ्यावी?

तपासणी परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करावी आणि अहवाल त्याच्या परवाना क्रमांकासह, सहीशिक्क्यानिशी घ्यावा. मुख्य चाचणी मेगरची, म्हणजे वायरीच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राची असते. सर्व दिवे व उपकरणे काढून वायर आणि अर्थ यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट दिल्यावर आवरणाचा रोध किमान १ मेगओहम भरला पाहिजे. त्याशिवाय अर्थिंगचा रोध मोजावा, आणि प्रत्येक स्विच फेजवरच (वीज आणणाऱ्या तारेवरच) आहे ना हे पाहावे, कारण जुन्या घरांत स्विच न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) बसवलेले वारंवार सापडतात. अशा ठिकाणी स्विच बंद असूनही दिव्याच्या होल्डरमध्ये वीज शिल्लक असते.

केव्हा करावी, याचे उत्तर कोकणापुरते वेगळे आहे. मे महिन्यात चिरा, लाकूड आणि माळा कोरडे ठणठणीत असताना जी वायरिंग मेगरवर उत्तम आकडा दाखवते, तीच आषाढात भिंतींना ओल आली की कोसळते. खरेदीदार बहुधा मे महिन्यात घर पाहायला येतो आणि त्याला पहिला झटका जुलैत बसतो, असे घडल्यावर विक्रेत्याच्या सचोटीवर संशय येणे साहजिक आहे. म्हणून तपासणी गणपतीत करावी, असे माझे मत आहे. घर तेव्हा उघडे असते, हवा दमट असते, आणि मखराची रोषणाई, मिक्सर, पंप, पाहुण्यांसाठी लावलेले जादा पंखे असा वर्षातला सर्वांत मोठा भार त्याच आठवड्यात असतो. त्या भारावर कोणता फ्यूज तापतो आणि कोणत्या स्विचला जळका वास येतो, हेही वायरमनला तेव्हाच दाखवता येते.

५. संपूर्ण वायरिंग बदलून विकावे, की आहे तसे विकून किंमत कमी करावी?

खरेदीदार घराचे काय करणार आहे, यावर हे अवलंबून आहे. कौले उतरवून स्लॅब टाकणारा, भिंती पाडून खोल्या वाढवणारा किंवा जागेसाठीच घर घेणारा खरेदीदार तुमची नवी वायरिंग सहा महिन्यांत उपटून टाकील, आणि तुमचा खर्च वसूल होणार नाही. असे खरेदीदार बहुसंख्य असल्याने, संपूर्ण बदलाचा खर्च आधी करू नये असेच मी सामान्यतः सुचवतो. दोन कंत्राटदारांकडून पॉइंटप्रमाणे लेखी अंदाजपत्रक मात्र घ्यावे, कारण वाटाघाटीत वायरिंगच्या नावाने हवी तेवढी रक्कम तोडून मागितली जाते आणि कागद हातात नसला की विक्रेत्याला उत्तर देता येत नाही.

घर आहे तसेच राहण्यासाठी घेणारे कुटुंब, किंवा कर्ज काढून घेणारा खरेदीदार असेल तर गणित बदलते. बँकेचा मूल्यांकनकार घराच्या एकूण स्थितीवर शेरा लिहितो आणि लोंबकळणाऱ्या वायरींचे छायाचित्र त्या अहवालात बरे दिसत नाही. तेथेही प्रश्न ६ मधील कामे आधी करून उरलेला बदल किमतीत समायोजित करणे बहुतेकांना परवडते.

६. खर्च कमीत कमी ठेवायचा, तर निदान कोणती कामे करावीत?

तीन कामे. किटकॅट फ्यूजच्या जागी योग्य क्षमतेचे एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की ‘पडणारे’, म्हणजे आपोआप वीज तोडणारे स्विच), संपूर्ण घरासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पडणारा स्विच), आणि नवे अर्थिंग.

एमसीबी निवडताना वायरीची जाडी पाहावी, उपकरणांची गरज पाहू नये. ‘तीन बावीस’ किंवा ‘एक अठरा’ अशा जुन्या मापाच्या बारीक वायरीवर मोठा एमसीबी चढवला, तर तो पडण्याआधी वायर जळते. ५ अँपिअरच्या जुन्या पॉइंटवर २३० व्होल्टला जेमतेम ११५० वॅट निघतात, आणि २००० वॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. तो त्या पॉइंटवर चालतो आहे याचा अर्थ कोणीतरी फ्यूजमध्ये जाड तार घातली आहे, एवढाच घ्यावा.

अर्थिंगविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. पूर्वी कित्येक घरांत अर्थची तार विहिरीवरून येणाऱ्या लोखंडी नळाला गुंडाळलेली असे. पुढे तो नळ प्लास्टिकचा झाला आणि त्या दिवशी घराचे अर्थिंग कोणाच्याही लक्षात न येता संपले. नवा खड्डा काढायचा तर जांभ्यात पाणी टिकत नाही. पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग शिमग्यानंतर निकामी होते. म्हणून खड्डा भिंतीपासून किमान दीड मीटर दूर, परंतु न्हाणीघराचे सांडपाणी जेथे माडाच्या आळ्यात मुरते, अशा कायम ओलसर जागी घ्यावा. कोळसा व मीठ भरण्याची पद्धत रूढ आहे, तथापि मिठाने लोखंडी पाइपचे जस्त लवकर खाल्ले जाते आणि समुद्राकाठी त्यात खाऱ्या हवेची भर पडते, त्यामुळे जोडाचा नटबोल्ट दरवर्षी उघडून पाहावा लागतो.

आरसीसीबी हा जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांतला फरक मोजतो, त्यामुळे अर्थिंग नसलेल्या घरातही तो माणसाचे रक्षण करतो. तीनांपैकी एकच काम परवडत असेल तर ते हे करावे.

७. आरसीसीबी बसवल्यापासून सारखा पडतो. वायरमन म्हणतो, ‘काढून टाका, जुन्या घराला चालत नाही.’ काय करावे?

काढू नये. तो पडतो याची साधारणतः दोन कारणे असतात. पहिले म्हणजे खरी गळती: ओल्या भिंतीतली वायर, माळ्यावर उंदरांनी कुरतडलेला भाग, पडवीतला पागोळ्यांखाली भिजणारा बोर्ड. दुसरे कारण जोडणीतली चूक आहे. जुने वायरमन तार वाचवण्यासाठी ओटीवरच्या दिव्याचा न्यूट्रल माजघराच्या सर्किटमधून घेत, आणि दोन भागांना दोन वेगळे आरसीसीबी बसवल्यास अशा उसन्या न्यूट्रलमुळे दिवा लावताक्षणी दोन्ही पडतात. गळती नसतानाही असे होते. एकेक सर्किट सुटे करून पाहिल्यास कारण तासाभरात सापडते. विक्रीच्या तोंडावर आरसीसीबी ‘बायपास’ करून ठेवणे म्हणजे प्रश्न ३ मध्ये सांगितलेला लपवलेला दोष स्वतः निर्माण करणे होय.

८. आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या वायरी आहेत. त्या धोकादायक म्हणून विक्री अडेल का?

विक्री अडत नाही. ॲल्युमिनियमचा धोका वायरीच्या लांबीत कमी आणि जोडांत जास्त असतो. हा धातू स्क्रूखाली हळूहळू दबतो, जोड सैल होतो, त्यावर ऑक्साइडचा थर चढून तो तापू लागतो. त्याला तांब्याची वायर नुसती पिळून जोडली असेल, तर खाऱ्या दमट हवेत दोन धातूंच्या संगतीने ॲल्युमिनियम झिजते आणि जोडावर पांढरी पूड दिसते. दिवे मिणमिणत असतील तर आधी जोड पाहावेत. अहवालात ‘ॲल्युमिनियम’ हा शब्द स्पष्ट यावा, इतकेच पुरे.

९. खरेदीदाराला घरात पर्यटकांसाठी निवास-न्याहारी सुरू करायची आहे. आम्ही काही हमी द्यावी का?

देऊ नये. चार खोल्यांत चार वातानुकूलन यंत्रे आणि चार गीझर हा भार जुन्या घराच्या मंजूर भाराच्या कित्येक पट होतो. भारवाढीचा अर्ज, नवी सर्व्हिस वायर, गरज पडल्यास थ्री-फेज जोडणी, व्यवसायानुसार लागू होणारा वीजदर हे सर्व खरेदीदाराने महावितरणकडे स्वतः पाहावे. वीजबिलावर छापलेला मंजूर भार त्याला दाखवावा आणि ‘इथे एसी आरामात चालेल’ असे तोंडीही म्हणू नये.

१०. मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे आणि जुनी थकबाकीही निघते. विक्रीनंतर ती कोणाची?

आधी बिल भरून पावती घ्यावी. थकबाकी ही व्यक्तीची असते, जागेची नसते, असा समज गावोगाव आहे. परंतु २०२३च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने के. सी. निनान प्रकरणात, वीजपुरवठ्याच्या विनियमांत तशी तरतूद असल्यास आधीच्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडे मागता येते, असा निर्णय दिला आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेतही थकबाकी जागेबरोबर पुढे जाण्याची तरतूद आहे. त्यामुळे जाणता खरेदीदार हा प्रश्न काढणारच. नावबदल वारसाच्या नावावर आधी करून घेतल्यास पुढचा बदल सोपा जातो. वर्षानुवर्षे बंद घराची जोडणी कायमची खंडित झाली असेल, तर नव्या जोडणीसाठी परवानाधारकाचा चाचणी अहवाल लागतो, आणि तेव्हा प्रश्न ६ मधील कामे टाळता येत नाहीत.

११. एकाच मीटरवरून चुलत काकांच्या बिऱ्हाडालाही लाइन गेली आहे. घराचा आमचा हिस्साच विकायचा आहे.

कोकणातल्या सामाईक घरांचा हा नेहमीचा गुंता आहे. माजघराच्या मधोमध भिंत घातली जाते, सातबारा आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नावे वाढतात, पण वायरिंग एकत्र कुटुंबाचीच राहते. आपल्या मीटरवरून दुसऱ्या, मंजुरी नसलेल्या जागेला वीज देणे हा विद्युत अधिनियम, २००३ याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकतो, आणि हिस्सा परक्याच्या हाती गेल्यावर काकांचा दिवा त्याच्या मर्जीवर राहतो. साठेखतापूर्वी (विक्रीच्या आधीच्या करारापूर्वी) काकांना विश्वासात घेऊन त्यांची स्वतंत्र जोडणी करवावी आणि मधल्या भिंतीतून जाणारी प्रत्येक वायर दोन्ही बाजूंनी तोडून घ्यावी. वायरमनला फक्त फेज तोडू देऊ नये. न्यूट्रल सामाईक राहिला तर प्रश्न ७ मधला घोळ दोन घरांत मिळून होतो. खर्चाची वाटणी हा घरातला विषय आहे. तो साठेखताच्या दिवशी खरेदीदारासमोर काढू नये, एवढे अनुभवाने सांगतो.

१२. साठेखतात वायरिंगविषयी नेमके काय लिहावे?

खालील धर्तीचे कलम वकिलांना दाखवावे: ‘सदर मिळकतीतील विद्युत मांडणी जुनी असून तिचा दिनांक … रोजीचा तपासणी अहवाल या करारास जोडला आहे. लिहून घेणार यांनी तो वाचून व मिळकत समक्ष पाहून, मांडणीची स्थिती विचारात घेऊन किंमत ठरविली आहे. अहवालात नमूद दोषांखेरीज अन्य दोष लिहून देणार यांच्या माहितीत नाही.’ शेवटचे वाक्य खरे असेल तरच लिहावे.

१३. साठेखत झाले, विसार घेतला, आणि खरेदीखताआधी शॉर्ट सर्किटने पडवी जळाली. नुकसान कोणाचे?

नुसत्या साठेखताने मालकी जात नाही, त्यामुळे तोवरचे नुकसान साधारणतः विक्रेत्याचेच असते. त्या काळात शहाण्या मालकाप्रमाणे मालमत्तेची काळजी घेण्याचे कर्तव्यही कलम ५५ ने त्याच्यावर टाकले आहे. घर बंद ठेवून मुंबईस परतताना मेन स्विच पाडावा. पंप किंवा अंगणातला दिवा चालू ठेवणे आवश्यक असेल, तर त्यापुरते एकच नवे सर्किट वेगळे काढून द्यावे. खरेदीदाराने ताबा आगाऊ घेतला असेल तर जबाबदारी कोणाची, हे करारात स्पष्ट लिहावे.

१४. घर पुरात किंवा वादळात भिजले होते. ते सांगावे का?

सांगावे. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-मुरूडकडची असंख्य कौले उडाली, २०२१च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याकाठून गेले आणि त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण बुडाले. त्यामुळे या पट्ट्यातला खरेदीदार ते विचारतोच. पुराचे पाणी ओसरल्यावर वायरीचे प्लास्टिक आवरण तगू शकते. बुडालेले स्विच, एमसीबी, आरसीसीबी आणि मीटरबोर्ड मात्र पुसून, वाळवून वापरण्याजोगे राहत नाहीत, कारण आत बसलेला गाळ निघत नाही. ते बदलल्याची बिले असल्यास अहवालाला जोडावीत.

१५. विक्रीपूर्वी वायरिंग बदलल्यास तो खर्च करात वजा होतो का?

भांडवली स्वरूपाच्या सुधारणेचा खर्च भांडवली नफा काढताना वजा मिळतो, किरकोळ दुरुस्तीचा मिळत नाही. संपूर्ण नवी मांडणी पहिल्या प्रकारात बसवता येते. कंत्राटदाराचे रीतसर बिल आणि बँकेतून दिलेली रक्कम हवी. वडिलोपार्जित घरासाठी १ एप्रिल २००१चे बाजारमूल्य धरले, तर त्यानंतरचीच सुधारणा मोजली जाते. करसल्लागाराशी हे काम करण्यापूर्वी बोलावे.

१६. खरेदीदार घर पाडणारच आहे. मग तपासणी, अहवाल हे सर्व कशाला?

अशा व्यवहारात मेगरचा अहवाल खरोखरच वगळता येतो, आणि करारात ‘घर पाडण्याच्या हेतूने घेतले आहे’ असे एक वाक्य पुरते. तरीही ताबा देण्याआधी एक काम आपल्या देखरेखीखाली व्हावे. पाडकाम करणारे मजूर वासे उतरवताना वायरी चालू आहेत की बंद, हे पाहत नाहीत, आणि मेन स्विच पाडला तरी मीटरपर्यंतची वायर जिवंतच राहते. म्हणून महावितरणकडे अर्ज करून पुरवठा खांबावरून तोडून घ्यावा. बांधकामासाठी तात्पुरती जोडणी खरेदीदाराने आपल्या नावाने घ्यावी. मीटर काढून नेल्याची पोच आणि शेवटच्या वाचनाचे बिल खरेदीखताच्या कागदांबरोबर ठेवावे.